बोरगव्हाणचा उजर

नागसेनबाबू वाघमारे यांना बोरगव्हाणात कोणी भांडखोर म्हणत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्यांची ओळख करून द्यायची तर पहिली गोष्ट हीच सांगावी लागते, की गेली तीस-बत्तीस वर्षं हा माणूस गावाच्या प्रत्येक सभेत, प्रत्येक ठरावाला, उभं राहून विरोध करत आला आहे. पाण्याच्या टाकीला केला. स्मशानाच्या रस्त्याला केला. शाळेच्या फाटकाला निळा रंग द्यायचं ठरलं तेव्हा तर पाऊण तास केला, आणि निळा हा त्यांचा स्वतःचा आवडता रंग. तरी गाव त्यांच्यावर जीव टाकतं. एकदा त्यांना डेंग्यू झाला तेव्हा सरपंचांनी सभाच पंधरा दिवस पुढे ढकलली होती. बाबूच नाहीत तर विरोध कोण करणार, आणि विरोध नाही तर ठराव कसा व्हायचा, असा साधा हिशेब होता.

बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. बोरगव्हाणला वाटत नाही. इथला नियमच तसा आहे, की ठरावाला निदान एक तरी उजर आला पाहिजे आणि त्याला उत्तर मिळालं पाहिजे. त्याशिवाय ठराव पक्का धरत नाहीत. सभेच्या रजिस्टरात तीन रकाने असतात: ठराव, उजर आणि उत्तर. मधला रकाना कोरा राहिला, तर आजूबाजूचे दोन्ही फुकट.

उजर म्हणजे चारचौघांत घेतलेला आक्षेप. पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात, याला हरकत म्हणतात. अलीकडच्या काठावर, तेलंगणात, आदिलाबादच्या बाजूला निजामाचं राज्य गेलं तरी हा शब्द मागे राहिला. नागसेनबाबू तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपाई म्हणून लागले आणि पस्तीस वर्षांनी रेकॉर्ड असिस्टंट म्हणून निवृत्त झाले. तिथल्या म्हाताऱ्या मुन्शीजींनी त्यांना जेवणाच्या सुट्टीत उर्दू वाचायला शिकवलं. जुने कागद वाचून दाखवणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नसल्यामुळे आजही कोणी ना कोणी पिशवीत पिवळा पडलेला कागद घालून त्यांच्या ओट्यावर येऊन बसलेलं असतं. कागद वाचून झाला की नागसेनबाबू चहा मागवतात आणि या एका शब्दावर सुरू होतात.

शब्द मूळचा अरबी, ते सांगतात. पहिल्यांदा त्याचा अर्थ होता सबब. एखादं काम आपल्याच्यानं झालं नाही, त्याचं जे कारण माणूस खाली मान घालून सांगतो, ते. माफी मागण्याला उर्दूत माझरत म्हणतात, ती याच घरातली. मग शब्द फारसीच्या हाताला धरून कचेरीत आला. ज्याच्यावर आरोप आहे त्यानं आपली बाजू मांडायची, तो झाला त्याचा उजर. तिथून महसुलात आला, की ज्याच्या जमिनीला धक्का लागतो त्यानं तोंड उघडायचं. आणि तिथून गावच्या चावडीवर. शेवटचं वाक्य ते नेहमी सावकाश म्हणतात: "म्हंजे पाहा, हा शब्द घरून निघाला तवा हात जोडून निघाला होता. आपल्या गावात येईलोक ताठ उभा राह्यला." यातलं अर्धं मुन्शीजींनी सांगितलेलं आणि अर्धं त्यांनी स्वतः जुळवलेलं, हेही ते न विचारता कबूल करतात. हरकत या शब्दावरही त्यांचं असंच काहीबाही आहे. हरकत म्हणजे मुळात हालचाल. तेव्हा पलीकडचे लोक नुसते हलतात आणि आपण उभे राहतो, असं म्हणून ते स्वतःच हसतात.

हसत नाहीत ते फक्त चंपतआज्याची गोष्ट सांगताना.

चंपत त्यांचे आजोबा, गावचे येसकर. निजामाच्या काळात महसुलाचा जाहीरनामा आला की डफ वाजवत गल्लोगल्ली तो ओरडून सांगायचा, हे त्यांचं काम. अमुक नंबरची जमीन अमक्याच्या नावावर चढून राह्यली, ज्याचा उजर असल त्यानं आठ दिवसांच्या आत चावडीवर यावं. लोक यायचे, चावडीत बसून आपले उजर लिहवायचे. चंपत ओट्याच्या खाली, पायऱ्या सोडून, बाहेर उभे. जन्मभर दुसऱ्यांना उजर घ्यायला बोलावणाऱ्या माणसाला त्या पायऱ्या चढायची परवानगी नव्हती. एका वर्षी असाच एक नंबर त्यांनी तीन दिवस घसा फोडून गावभर ओरडला. आठ दिवस गेले. कोणी आलं नाही. जमीन पाटलाच्या चुलत्याच्या नावावर गेली. पेरणीच्या वेळी कळलं, की ते चंपतचंच वावर होतं. चाकरीपोटी त्यांच्या घराण्याला मिळालेलं, बोरीखालचं वावर. चंपतना वाचता येत नव्हतं. आपल्या वावराला सगळे बोरीखालचं म्हणतात एवढंच त्यांना ठाऊक. सरकार त्याला कुठल्या आकड्यानं ओळखतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

निजामाचं राज्य गेल्यावर ही गोष्ट उघड बोलली जाऊ लागली. पाटील तसा सरळ माणूस होता, त्याला मनातून खाऊ लागलं. त्यानंच चावडीवर नियम बांधला, की यापुढे गाव गप्प आहे म्हणजे गाव राजी आहे असं कोणी समजायचं नाही. एक तरी उजर ऐकायचा, मगच कागद पुढे. चंपतना वावर परत मिळालं नाही, नियम मिळाला. रेकॉर्ड रूममध्ये धूळ झटकताना नागसेनबाबूंच्या हाती तो मूळ कागद लागला. खालच्या कोपऱ्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं: उजर नदारद. म्हणजे आक्षेप नाही. त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी आले, आणि पुढच्याच सभेत पहिल्यांदा उभे राहिले.

उभं राहायचं तर खरं उभं राहायचं, असा त्यांचा खाक्या. लग्नातल्या रुसव्यासारखा नावाला घेतलेला उजर त्यांना चालत नाही. नियम उरकायचा म्हणून कोणी काही बोललं, की तेच त्याला खाली बसवतात. टाकीच्या वेळी त्यांनी विचारलं, की टाकी वरच्या आळीत बांधताय, मग खालच्या आळीच्या नळाला पाणी कधी येणार. उत्तर शोधता शोधता टाकीची जागाच बदलली. लोकांना हळूहळू कळलं, की बाबूंचा उजर म्हणजे नुसता खोडा नाही. मग झालं असं, की बाकीच्यांनी उजर काढायचं सोडूनच दिलं. बाबू आहेत ना, ते बघतील.

आता यंदाची गोष्ट. म्हणजे दोन हजार चोवीसच्या जानेवारीतली, संक्रांत होऊन गेल्यावरची. गावच्या जुन्या चावडीला किती तरी वर्षं कुलूप होतं. पंचायतीचं ऑफिस नव्या इमारतीत गेलं होतं, आणि आता भैंशाचा एक कापसाचा व्यापारी चावडी गोदामाला मागत होता. नागसेनबाबूंची इच्छा वेगळी होती. चावडीत गावचं वाचनालय व्हावं, मुलांनी तिथे बसून अभ्यास करावा. अकरा वर्षं ते याच्या मागे होते. ज्या पायऱ्यांच्या खाली आपला आजा उभा राहिला त्या पायऱ्या चढून सगळ्या आळ्यांची पोरं पुस्तकं घेऊन आत जाताहेत, हे त्यांना मरायच्या आधी बघायचं होतं. असं ते कोणाला बोलून दाखवत नसत, पण गावाला माहीत होतं. पुस्तकांच्या दोन लोखंडी कपाटांची त्यांनी सोय करून ठेवली होती. आता अडचण एवढीच, की पंचायतीची मुदत महिनाअखेर संपत होती. त्यानंतर निवडणूक कधी होईल कोणी सांगू शकत नव्हतं, आणि बाहेरून नेमलेल्या अधिकाऱ्याला या चावडीचं काय पडलेलं असणार. ठराव व्हायचा तर शेवटच्या ग्रामसभेतच व्हायला हवा होता.

सरपंच सुधाकरराव हे बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या मराठी घराण्यातले, स्वभावानं मऊ. त्यांनी ठराव स्वतः वाचून दाखवला. जुन्या चावडीत वाचनालय व अभ्यासिका करावी. वेळ पहाटे पाच ते रात्री नऊ. चावी श्री. नागसेन वाघमारे यांच्या घरी राहील. मग त्यांनी चष्मा काढला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाचा उजर?"

सगळ्यांनी सवयीनं नागसेनबाबूंकडे पाहिलं. ते उठायलाही लागले, आणि अर्ध्यातच त्यांच्या लक्षात आलं, की ठराव आपलाच आहे. ते परत बसले.

दुसरं कोणीच उठलं नाही. लोकांना ठराव हवा होता. बाबूंनी गावासाठी इतकं केलं, त्यांच्या एकुलत्या एका मागणीला विरोध करून वाईट कोणी व्हायचं. सुधाकररावांनी दुसऱ्यांदा विचारलं. मागच्या रांगेतला लखन ट्रॅक्टरवाला कसाबसा उठला आणि म्हणाला, की त्याचा उजर आहे, पण काय आहे ते आठवत नाही. लोक हसले. पुढच्या एका वॉर्ड मेंबरनं भिंतींना पिवळा रंग नको असं सुचवलं. नागसेनबाबूंच्या तोंडून निघून गेलं, की ही आवड झाली, उजर नाही झाला. बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. आपणच घालून दिलेल्या शिस्तीत आपणच अडकलो होतो, हे त्यांना कळत होतं आणि त्याचं हसूही येत होतं. अकरा वर्षांचं काम, आणि ते अडलं होतं कशावर, तर गाव एकदिलानं आपल्या बाजूचं आहे यावर.

पंचायतीची सेक्रेटरी सपना बेल्लमपल्लीकडची, वर्षापूर्वी इथे बदलून आलेली. तिला पाचच्या बसनं आदिलाबाद गाठायचं होतं. तेलुगू वळणाच्या मराठीत तिनं अदबीनं मार्ग काढला: "सार, नेनु... म्हंजे मी एकग्रीवं म्हणून लिहिते. आमच्याकडे असंच लिहितात. सगळ्यांची एक मान." म्हणजे एकमतानं मंजूर. सुधाकररावांचा चेहरा उजळला. लोकांनीही माना डोलावल्या.

नागसेनबाबूंच्या डोळ्यांपुढे मात्र ‘उजर नदारद’ लिहिलेला तो कागदाचा कोपरा आला. ते उठले आणि म्हणाले, की असं लिहायचं असेल तर ते ठराव मागे घेतात. चावडीत कापूस भरला तरी चालेल. सपना लिहायची थांबली. घड्याळात साडेचार झाले होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"माहा उजर हाय."

रुक्माबाई उभ्या होत्या. नागसेनबाबूंच्या पत्नी. अंगणवाडीत आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, सभेला नेमानं येणाऱ्या आणि आजवर एक शब्द न बोललेल्या. आपला नवरा अडलेला पाहून ही बाई नियम उरकायला उठली, असंच सगळ्यांना वाटलं. नागसेनबाबूंनाही तसंच वाटलं. मनातून ते सुखावले आणि तिला जमेल का म्हणून जरा काळजीतही पडले. त्यांनी तिच्याकडे पाहून बारीक मान हलवली, म्हणजे सांग, काहीतरी सांग.

"सरपंचसायेब, चावी आमच्या घरी राहीन असं लिवलं तुमी," रुक्माबाई म्हणाल्या. "आमच्या घरी म्हंजे कोणापाशी?"

सुधाकरराव म्हणाले, अर्थात नागसेनभाऊंपाशी.

"हे तर दिवसभर गावात फिरतात, पहाटे गाढ झोपले राह्यतात. पहाटे पाचले दार ठोकलं त कोण उठन? मी उठीन. एकतीस सालं झाली, लोकं कागद घेऊन येऊन राह्यले. कागद हे वाचतात, चा मी मांडतो. दुपारी डोळा लागला का दार वाजते. सणाले वाजते. लेक मैत्री बाळंतपणाले आली तवा बी वाजलं. कोणी वाईट नाई, सारे गरजेचे. पण आता ह्या चावीपायी पहाटे बी वाजन. त माहा उजर हाय. ही चावी माह्या घरी नको."

कोणी हसलं नाही. सभेतल्या निम्म्या पुरुषांनी कधी ना कधी तो चहा घेतलेला होता. बायकांच्या बाजूला मात्र कुजबुज सुरू झाली, आणि ती रुक्माबाईंच्या बाजूची होती हे न ऐकताही कळत होतं. हा उजर खरा होता. नागसेनबाबूंइतका खरा उजर ओळखणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं, आणि आज तो त्यांच्याच ठरावावर आला होता.

रिवाजाप्रमाणे ज्याचा ठराव त्यानं उत्तर द्यायचं. नागसेनबाबू उभे राहिले. चावी आपण खिशात ठेवू, असं ते म्हणाले. रुक्माबाईंनी ते तिथल्या तिथे उडवलं. चावी खिशात असली तरी लोक दार तर घराचंच ठोकतील. सभेला हे पटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि दुसरं उत्तर दिलं. चावी कोणाच्याच घरी राहणार नाही, नव्या ऑफिसच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली राहील. पहाटे पाचला आपण स्वतः जाऊन चावडी उघडू. ज्याला जुना कागद वाचून घ्यायचा असेल त्यानं यापुढे तिथेच यायचं, घरी नाही. आणि चहाही तिथेच, तो आपण करू. चहाचं ऐकून लखनला हसू आवरलं नाही, कारण बाबूंना स्टोव्हची काडी कुठल्या बाजूनं ओढायची हेही माहीत नाही, असं गावात सर्रास बोललं जाई.

सुधाकररावांनी विचारलं, "वहिनी, समाधान झालं?"

"चावीचं झालं," रुक्माबाई म्हणाल्या. मग त्या पहिल्यांदाच सरळ नवऱ्याकडे वळल्या. "मैत्रीचे बाबा, तुमी साऱ्या गावाले उजर विचारता. कागद लिवाच्या आगुदर मले काऊन नाई विचारलं?"

आता बाबूंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बत्तीस वर्षं विचारणारे ते होते, आणि आज एक प्रश्न त्यांच्याकडे आला होता. कामाचा व्याप, गडबड, तू नाही म्हणणार नाहीस अशी खात्री, एकेक सबब तोंडापर्यंत येत होती आणि तिथेच विरघळत होती. तू नाही म्हणणार नाहीस, ही तर सगळ्यात वाईट. ती गप्प आहे म्हणजे ती राजी आहे, असं ते एकतीस वर्षं बिनदिक्कत धरून चालले होते. हे त्यांना इतकं लख्ख दिसलं, की लाज वाटायलाही वेळ लागला.

"सुचलंच नाई," ते म्हणाले.

रुक्माबाईंनी पदर सारखा केला.

"हे उत्तर खरं हाय," त्या सपनाला म्हणाल्या. "लिवा पोरी."

सपनानं लिहून घेतलं. मधल्या रकान्यात रुक्माबाईंचं पूर्ण नाव आणि उजर आला. तिसऱ्या रकान्यात आधी चावीचं उत्तर आणि त्याखाली, ही मुलगी प्रामाणिक असल्यामुळे, "सुचलंच नाही" हेही आलं. नागसेनबाबूंनी त्याच्यापुढे सही केली. ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजल्या, आणि त्या कोणासाठी होत्या हे कोणी विचारलं नाही. सपनाची बस चुकली, म्हणून पुढची बस मिळावी यासाठी लखननं तिला मोटरसायकलवर बेल्याच्या स्टँडपर्यंत सोडलं.

आज चावडीत सकाळ-संध्याकाळ वीस-बावीस मुलं बसतात. लोखंडी कपाटं भरली आहेत. चहा अगदीच वाईट असतो, पण मुलं पितात. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी सभेनंतर दोघं घरी निघाले तेव्हा लोक वाटेत थांबवून अभिनंदन करत होते, आणि नागसेनबाबूंचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. पायऱ्यांचं, आज्याचं, वाचनालयाचं, सगळं मनासारखं झालं होतं, आणि तरी त्यांना आनंदापेक्षा आत काहीतरी अवघडल्यासारखं वाटत होतं. घराच्या ओट्यापाशी आल्यावर ते थांबले. थोडं घुटमळून त्यांनी रुक्माबाईंना विचारलं, की आणखीही काही उजर राहिलेत का.

"हाएत ना," रुक्माबाई कुलूप काढत म्हणाल्या. "बसा. यादी मोठी हाय."

नागसेनबाबू चपला काढून ओट्यावर बसले. रुक्माबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणला, समोर ठेवला, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली.